साक्षीदाराची पडताळणी : संगणकाच्या दारावरील एक धडा



निवासी शाळेच्या फाटकावर घडू शकणारा एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सायंकाळची वेळ आहे. एक अनोळखी गृहस्थ येतात आणि सांगतात, "मी सहावीतल्या मुलाचा मामा. घरी कार्य आहे, त्याला दोन दिवसांसाठी न्यायला आलो आहे." खिशातून ते मुलाच्या वडिलांच्या सहीचे पत्र काढतात. पहारेकरी सावध आहे. तो म्हणतो, "नुसत्या पत्रावर मुलाला सोडता येत नाही. वडिलांशी बोलावे लागेल." गृहस्थ लगेच म्हणतात, "अवश्य बोला. पत्राच्या खाली त्यांचा नंबर दिलेलाच आहे." पहारेकरी तो नंबर लावतो. पलीकडून आवाज येतो, "होय, मीच त्याचा बाप. मामांना मीच पाठवले आहे." पहारेकऱ्याचे समाधान होते आणि मूल त्या गृहस्थांच्या स्वाधीन केले जाते.

पहारेकऱ्याने चौकशी केली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याने पत्र पाहिले, फोन केला, प्रश्न विचारला, उत्तर ऐकले. तरीही ही चौकशी व्यर्थ आहे. कारण ज्याच्याविषयी शंका होती, त्यानेच साक्षीदार पुरवला आणि त्या साक्षीदाराची ओळख कोणीही पटवून घेतली नाही. जो नंबर लावायला हवा होता, तो प्रवेशाच्या दिवशी पालकाने समक्ष लिहून दिलेला, शाळेच्या नोंदवहीतला नंबर होता.

आज आपण ज्या विषयाचा अभ्यास करणार आहोत, तो वरवर पाहता फार दूरचा वाटेल. संगणकाच्या जाळ्यावर लॉगिन करणाऱ्याची ओळख कशी तपासतात आणि ते काम करणाऱ्या प्रोग्रामिंग लायब्ररीत एक बारीक पण महत्त्वाची पायरी कोणती असते, हा तो विषय. परंतु फाटकावरील हा प्रसंग ज्याला नीट समजला, त्याला या विषयाचे मर्म निम्मे समजले, असे मी म्हणेन.

१. एका यंत्रापासून जाळ्यापर्यंत

एकच संगणक अनेकांनी वाटून वापरावा, ही कल्पना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत प्रत्यक्षात आली. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून तेथे प्रत्येकाला परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, देण्यात आला. या व्यवस्थेची मर्यादाही लवकरच उघड झाली. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याला आलेला वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. हे त्याने पुढे अनेक वर्षांनी स्वतःच सांगितले.

त्या काळी पासवर्ड ठेवणारे यंत्र आणि तपासणारे यंत्र एकच होते. म्हणजे पहारेकरी आणि नोंदवही एकाच खोलीत होती. पुढे संगणक लहान झाले, स्वस्त झाले आणि तारांनी एकमेकांना जोडले गेले. एमआयटीमध्ये १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या परिसरातील कोणत्याही संगणकासमोर बसावे आणि आपले काम करावे, असा त्याचा हेतू होता. आता यंत्रे अनेक झाली. प्रत्येक यंत्रावर सर्वांचे पासवर्ड ठेवणे धोक्याचे होते आणि तारेवरून पासवर्ड उघडा पाठवणेही तितकेच धोक्याचे होते, कारण त्याच तारेवर कान लावून बसणे कोणालाही शक्य होते.

यावरील उत्तराचा पाया १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी एका शोधनिबंधात घातला होता. सर्वांची गुपिते एका विश्वसनीय केंद्राकडे असावीत आणि दोन अनोळखी पक्षांची ओळख त्या केंद्राने पटवून द्यावी, अशी त्यांची योजना होती. १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी सॅक्को यांनी तिच्यातील एक उणीव दाखवली : जुनी, चोरलेली किल्ली पुन्हा वापरून फसवणूक करता येत होती. संदेशावर वेळेची नोंद असावी, हा त्यांनी सुचवलेला उपाय. या सर्व विचारांतून अथेना प्रकल्पात जी प्रणाली उभी राहिली, तिचे नाव कर्बेरॉस. ग्रीक पुराणकथेत पाताळाच्या दारावर पहारा देणाऱ्या तीन मस्तकांच्या कुत्र्याचे हे नाव आहे. तिची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, २००५ मध्ये तिचे नियम सुधारून पुन्हा मांडले गेले आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन जाळ्यांतही हीच पद्धत मुख्य ठरली.

अथेना प्रकल्पातील बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये ही प्रणाली समजावण्यासाठी चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. त्यात अथेना एखादी व्यवस्था सुचवते आणि युरिपिडीस तिच्यातील छिद्र दाखवतो. मग अथेना ते बुजवते आणि युरिपिडीस पुढचे शोधतो. सुरक्षिततेचे शास्त्र असेच पुढे जाते. आपणही आता तीच रीत अवलंबू.

२. तिकिटाची रीत

कर्बेरॉसमध्ये एक किल्ली-वितरण केंद्र असते. प्रत्येक व्यक्तीच्या पासवर्डपासून गणिताने तयार केलेली गुप्त किल्ली त्या केंद्राकडे असते. तुम्ही संगणकासमोर बसून नाव आणि पासवर्ड टाइप करता, तेव्हा पासवर्ड तारेवरून जातच नाही. संगणक केंद्राला तुमचे नाव कळवून प्रवेशपत्र मागतो. केंद्र एक तिकीट देते आणि सोबत काही गुप्त मजकूर देते. हा मजकूर तुमच्या किल्लीने कुलूपबंद केलेला असतो. संगणक तुम्ही टाइप केलेल्या पासवर्डपासून किल्ली बनवतो आणि ते कुलूप उघडून पाहतो. उघडले, तर पासवर्ड बरोबर. न उघडले, तर चूक.

पुढे तुम्हाला फाइल-सर्व्हर किंवा छपाईयंत्र वापरायचे असेल, तर हे पहिले तिकीट दाखवून केंद्राकडून त्या सेवेचे वेगळे तिकीट घ्यावे लागते. ते तिकीट त्या सेवेच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असते. सेवा ते स्वतः उघडते. ती किल्ली तिच्याखेरीज फक्त केंद्राला ठाऊक असल्यामुळे तिकीट खऱ्या केंद्राकडूनच आले आहे, याची तिला खात्री पटते. घड्याळांत मोठी तफावत असेल, तर तिकीट नाकारले जाते. सामान्यतः पाच मिनिटांपर्यंतची तफावत चालते. डेनिंग-सॅक्को यांनी सुचवलेल्या वेळेच्या नोंदीचा हा परिणाम होय.

३. छिद्र कोठे आहे?

आता युरिपिडीसप्रमाणे विचार करा. समजा, परीक्षा विभागाचा एक सामायिक संगणक आहे. त्यावर गुणपत्रके आहेत आणि परीक्षाप्रमुखांच्या नावाने लॉगिन केल्यास ती बदलता येतात. एका लबाड माणसाला त्यांचे नाव माहीत आहे, पासवर्ड माहीत नाही. तो काय करतो? त्याच जाळ्याला आपला लॅपटॉप जोडतो आणि त्यावर नकली केंद्र चालवतो. मग परीक्षाप्रमुखांचे नाव टाइप करून पासवर्डच्या जागी मनाला येईल तो शब्द लिहितो. संगणक केंद्राकडे तिकीट मागतो. खऱ्या केंद्राकडे जाणारा हा संदेश लबाड माणूस आपल्याकडे वळवतो, किंवा खऱ्या उत्तराच्या आधी आपले उत्तर पोहोचवतो. ते उत्तर त्याने स्वतः निवडलेल्या शब्दापासून बनवलेल्या किल्लीनेच कुलूपबंद केलेले असते. संगणक टाइप केलेल्या शब्दाने कुलूप उघडतो. कुलूप अर्थातच उघडते. संगणक म्हणतो, "पासवर्ड बरोबर," आणि परीक्षाप्रमुख म्हणून त्या माणसाला आत घेतो.

फाटकावरील पहारेकऱ्याने लावलेला फोन तो हाच! पासवर्ड आणि उत्तर एकमेकांशी जुळले, एवढेच येथे सिद्ध झाले. पण दोन्ही एकाच माणसाच्या हातचे होते. दोन खोट्या गोष्टी एकमेकींशी जुळल्या म्हणून त्यांतून सत्य निर्माण होत नाही.

दूरच्या फाइल-सर्व्हरला मात्र अशा रीतीने फसवता येत नाही, हे ध्यानात घ्या. त्याच्या किल्लीने कुलूपबंद केलेले तिकीट नकली केंद्राला बनवताच येत नाही. धोका आहे तो नुसत्या पासवर्डच्या जुळणीवर विसंबून जे यंत्र आपले दार उघडते, त्या यंत्राला.

४. उपाय : यंत्राची स्वतःची नोंदवही

यावरील उपाय सोपा आणि सुंदर आहे. प्रत्येक सामायिक यंत्राची स्वतःची एक गुप्त किल्ली असावी. ती यंत्र जाळ्यात सामील करताना केंद्राकडे नोंदवलेली असावी आणि यंत्रावरही एका संरक्षित फाइलमध्ये ठेवलेली असावी. या फाइलला 'कीटॅब' म्हणतात. आपल्या दृष्टांतात प्रवेशाच्या दिवशी समक्ष भरलेली नोंदवही ती हीच.

एखाद्याने लॉगिन केले आणि कुलूप उघडले, तरी यंत्र तेथे थांबत नाही. नुकत्याच मिळालेल्या पहिल्या तिकिटाच्या आधारे ते केंद्राला सांगते, "आता मला माझ्या स्वतःच्याच नावाचे तिकीट दे." केंद्र खरे असेल, तर ते यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद केलेले तिकीट देईल आणि यंत्र आपल्या कीटॅबमधील किल्लीने ते उघडेल. केंद्र नकली असेल, तर त्याला यंत्राची किल्ली ठाऊक नसणार; ते काहीही पाठवो, ते उघडणार नाही. लबाड माणूस पासवर्ड मनाजोगा निवडू शकतो, पण यंत्राची किल्ली निवडू शकत नाही.

हे सर्व प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने लिहू नये म्हणून कर्बेरॉसची प्रोग्रामिंग लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे आधी लिहून व तपासून ठेवलेल्या फंक्शनांचा संग्रह. प्रोग्रामर त्यांना नावाने बोलावतो आणि उत्तर घेतो. एमआयटीच्या लायब्ररीत पासवर्डवरून पहिले तिकीट मिळवण्याचे फंक्शन वेगळे आहे आणि ते तिकीट खऱ्या केंद्राकडून आले की नाही, हे पडताळण्याचे फंक्शन वेगळे आहे. दुसऱ्याचे नाव 'व्हेरिफाय इनिट क्रेड्स', अर्थात प्रारंभिक अधिकारपत्राची पडताळणी. पहिले फंक्शन बोलावून यशाचे उत्तर आले की काम संपले, असे नवख्या प्रोग्रामरला वाटते. तो दुसरे बोलावतच नाही. त्याची चाचणीही यशस्वी होते : योग्य पासवर्डला दार उघडते, चुकीच्या पासवर्डला उघडत नाही. नकली केंद्र उभे करून पाहण्याचे त्याच्या मनातही येत नाही.

ही चूक केवळ नवखेच करतात असे नाही. २०२० मध्ये सिस्को आणि पालो आल्टो नेटवर्क्स या कंपन्यांच्या, तसेच २०२१ मध्ये एफ५ या कंपनीच्या, सुरक्षेसाठीच विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत केंद्राची ओळख न पडताळण्याचा हाच दोष आढळला आणि त्यांना दुरुस्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या. अथेनाच्या काळात ओळखलेले छिद्र तीन दशकांनंतरही उघडे सापडले.

५. तिसरे उत्तर

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. पुन्हा फाटकावर चला. या वेळी पहारेकऱ्याला नियम ठाऊक आहे : नोंदवहीतलाच नंबर लावायचा. पण नोंदवही कपाटात आहे, कपाटाची किल्ली अधीक्षकांकडे आहे आणि अधीक्षक बाहेरगावी गेले आहेत. त्याने काय करावे? "तपासता आले नाही, म्हणून सोडत नाही," असे म्हणावे, की "तपासता आले नाही, म्हणून हरकत नाही," असे म्हणावे?

लायब्ररीतील पडताळणीच्या फंक्शनपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. यंत्रावर कीटॅब नसेल, ती रिकामी असेल, किंवा ज्या प्रोग्रामने पडताळणी मागितली त्याला ती वाचण्याचा अधिकार नसेल, तर? एमआयटीच्या लायब्ररीत वेगळी सूचना दिलेली नसल्यास अशा वेळी पडताळणी वगळली जाते आणि उत्तर मात्र यशाचेच मिळते. पडताळणी झालीच पाहिजे, असा आग्रह असेल, तर 'व्हेरिफाय एपी रेक नोफेल' नावाचा पर्याय मांडणीच्या फाइलमध्ये किंवा प्रोग्राममध्ये मुद्दाम चालू करावा लागतो.

हे ऐकून लायब्ररी लिहिणाऱ्यांना लगेच दोष देऊ नका. एखाद्याच्या वैयक्तिक लॅपटॉपला स्वतंत्र किल्ली देऊन ती सांभाळत बसणे कटकटीचे असते आणि तेथे स्थानिक लॉगिनमधून लबाडाला फारसे काही मिळतही नाही, कारण दूरच्या सेवा आपापली तपासणी स्वतः करतातच. अशा यंत्रांवर कोणाची अडवणूक होऊ नये, म्हणून ही सवलत सोयीची आहे. पण जी सवलत वैयक्तिक लॅपटॉपला शोभते, तीच परीक्षा विभागाच्या संगणकावर घातक ठरते. आणि ती घातक ठरली आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. यंत्राची प्रणाली नव्याने बसवताना कीटॅब पुसली गेली, तरी लॉगिन पूर्वीसारखेच चालू राहते. उलट, केंद्राकडील किल्ली बदलली आणि यंत्रावर जुनीच राहिली, तर सर्वांचे लॉगिन बंद पडते. मग घाईत कोणी ती जुनी कीटॅब काढून टाकतो आणि लॉगिन पुन्हा सुरू होते! बिघाड दुरुस्त झाला, असे सर्वांना वाटते. वास्तविक पहारा उठलेला असतो.

म्हणून हे सूत्र मनावर कोरून ठेवा : पडताळणीची उत्तरे दोन नसतात, तीन असतात. ओळख पटली, ओळख पटली नाही आणि ओळख तपासताच आली नाही. तिसऱ्या उत्तराला पहिल्याच्या रांगेत बसवणे, ही पडताळणीची सर्वांत मोठी फसगत होय. पहिल्या दोन उत्तरांत कोणीतरी पाहिलेले असते. तिसऱ्यात कोणीच पाहिलेले नसते, आणि तरी कागदावर 'ठीक' असा शेरा पडतो.

६. इतिहासाच्या अभ्यासाशी नाते

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा विवेक परका नाही. एखादा कागद हाती आला, की त्याचे बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण करावे, असे आपण शिकतो. कागद स्वतःविषयी काय सांगतो, यावर विसंबायचे नसते. युरोपात 'कॉन्स्टंटाइनचे दानपत्र' शतकानुशतके खरे मानले गेले. चौथ्या शतकातील रोमन सम्राटाने पश्चिमेकडील सत्ता पोपला दिली, असे त्यात म्हटले होते. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने ते बनावट असल्याचे दाखवले. त्यातील लॅटिन भाषा त्या काळाची नव्हती. रोमच्या अधिकाऱ्यांना त्यात 'सॅट्रप', म्हणजे क्षत्रप, म्हटले होते. वाल्लाने दानपत्राची साक्ष दानपत्राकडूनच घेतली नाही. चौथ्या शतकातील लॅटिन कशी होती, याचे ज्ञान त्याच्याजवळ स्वतंत्रपणे होते. तीच त्याची कीटॅब होती. आणि जेथे असे स्वतंत्र साधन उपलब्ध नसते, तेथे प्रामाणिक इतिहासकार 'सिद्ध' असे न लिहिता 'अनिर्णित' असे लिहितो.

७. समारोप

तुमच्यापैकी काही जण उद्या संगणकाचे प्रोग्राम लिहितील, काही जण कार्यालयांतील यंत्रे सांभाळतील, काही जण वेगळ्याच क्षेत्रांत जातील. जे प्रोग्राम लिहितील, त्यांनी लॉगिनची चाचणी घेताना तीन गोष्टी कराव्यात. चुकीचा पासवर्ड देऊन पाहावा. चाचणीच्या यंत्रावरील कीटॅब तात्पुरती बाजूला ठेवून पाहावी. तरीही दार उघडले, तर पडताळणी नुसती नावाची आहे. आणि तपासणी वगळली गेली, तर त्याची नोंद कोठे उमटते, हे शोधावे.

जे वेगळ्या क्षेत्रांत जातील, त्यांच्यासाठी फाटकावरचा तो प्रसंग पुरेसा आहे. नोंदवही मिळत नसेल, तर पहारेकऱ्याने त्या गृहस्थांना नम्रपणे बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि अधीक्षकांना फोन करून नोंदवही उघडली जाईपर्यंत थांबावे. गृहस्थ खरोखरच मामा असतील, तर त्यांचा एखादा तास जाईल. ते मामा नसतील, तर एक मूल वाचेल. या दोन किमतींची तुलना ज्याला करता येते, त्याच्याच हाती दाराची किल्ली द्यावी.

विचारासाठी प्रश्न

१. टाइप केलेला पासवर्ड आणि केंद्राचे उत्तर एकमेकांशी जुळले, तरी लॉगिन करणाऱ्याची ओळख सिद्ध का होत नाही?

२. नकली केंद्र सामायिक संगणकाला फसवू शकते. पण दूरच्या फाइल-सर्व्हरला का फसवू शकत नाही?

३. कीटॅब नसताना पडताळणी वगळण्याची सवलत कोणत्या यंत्रावर चालेल आणि कोणत्या यंत्रावर चालणार नाही? कारणे द्या.

४. 'तपासता आले नाही' हे उत्तर 'ठीक' म्हणून नोंदवले गेल्याचे एखादे उदाहरण आपल्या दैनंदिन व्यवहारातून शोधा आणि तेथे स्वतंत्र साक्ष कोणती असू शकली असती, ते लिहा.